एकच अल्बम दोनदा: ‘कीझबी नाइट्स’वरचं भांडण, एका ट्रंबोनवाल्याच्या कानातून

तुमचा प्रश्न असा आहे. ‘कीझबी नाइट्स’ या स्का-पंक अल्बमच्या दोन आवृत्त्या मिळतात, एक कॅच २२ या बँडची १९९८ची आणि दुसरी स्ट्रीटलाइट मॅनिफेस्टोची २००६ची. गाणी तीच, क्रम तोच, लिहिणारा आणि गाणारा माणूसही तोच. तरी ऐकणारे दोन तट करून भांडतात. एका तटाला जुनी आवृत्ती बेसूर आणि कच्ची वाटते, दुसऱ्याला नवी निर्जीव. तुम्हाला स्वतःला नवी स्वच्छ वाटली, पण जुनी का कोण जाणे ‘मोठी’ वाटली. यात बरोबर कोण, आणि नवख्यानं सुरुवात कुठून करावी?

‘मोठी’ हा शब्द तुम्ही जाता जाता लिहिलात. सगळी गोम तिथंच आहे, म्हणून हे उत्तर लांबणार.

आधी माझा पूर्वग्रह सांगून टाकतो. मी २३ वर्षं ट्रंबोन वाजवतोय. त्यातली पहिली चार लग्नाच्या वरातींत आणि गणपतीच्या मिरवणुकांत गेली, पुढची ऑर्केस्ट्रात आणि स्टुडिओत. आता निम्मा वेळ वाजवतो आणि निम्मा वेळ दुसऱ्यांनी वाजवलेलं मिक्स करतो, म्हणजे वेगवेगळ्या वाद्यांचे आवाज जुळवून एकत्र बसवतो. वाजवणारा मी जुन्या आवृत्तीच्या बाजूला असतो, मिक्स करणारा मी नव्या. त्यामुळे हे भांडण मला बाहेर जाऊन ऐकावं लागत नाही.

ज्यांना हा प्रकार अजिबात ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्का हे जमैकाचं संगीत, पन्नासच्या दशकाच्या अखेरीस तिथं घडलेलं. ‘एक-आणि-दोन-आणि’ असं मोजलंत तर ढोबळमानानं गिटार त्या ‘आणि’वर पडते, तीही छाटून टाकल्यासारखी आखूड. वर ट्रंपेट, ट्रंबोन, सॅक्सोफोन. १९६४मध्ये जमलेल्या स्कॅटलाइट्स या बँडमधले बरेच वादक किंग्स्टनच्या अल्फा बॉइज स्कूल या शाळेतून तयार झालेले होते, आणि त्यांच्यातला डॉन ड्रमंड हा माझ्या वाद्याचा थोर माणूस. पुढे १९७९च्या सुमारास इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या पोरांनी त्यात पंक या आक्रमक रॉकचा संताप मिसळला, आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ते आणखी वेगवान झालं: कडव्यात स्काची छाटलेली गिटार, ध्रुवपदात पंकची फाटलेली, म्हणजे मुद्दाम खरखरीत केलेल्या आवाजाची. १९९७च्या आसपास हे प्रकरण अमेरिकन रेडिओवर जोरात होतं. कॅच २२चा अल्बम आला मार्च १९९८मध्ये, लाट ओसरायला लागली तेव्हा. त्यातल्या नुसत्या वाद्यांच्या एका तुकड्याचं नाव ‘रायडिंग द फोर्थ वेव्ह’ आहे. अमेरिकेतल्या त्या पर्वाला ‘तिसरी लाट’ म्हणत, त्यावरचा हा चिमटा. कीझबी ही न्यू जर्सीतली एक लहानशी वस्ती आहे, बँडही त्याच राज्यातला.

गाणी लिहिली होती टोमास कल्नोकीनं, किशोरवयात. अल्बम आला त्याच वर्षी तो बँडमधून बाहेर पडला. कॅच २२ त्याच्याविना चालू राहिला, तीच गाणी दुसऱ्या गायकाकडून मंचावर गात राहिला. कल्नोकीनं पुढे स्ट्रीटलाइट मॅनिफेस्टो उभा केला, २००३मध्ये त्यांचा ‘एव्हरिथिंग गोज नम्ब’ आला. मग व्हिक्टरी रेकॉर्ड्स ही कंपनी जुना ‘कीझबी नाइट्स’ नव्यानं बाजारात आणायच्या बेतात असताना त्यानं ठरवलं, की तेच ध्वनिमुद्रण पुन्हा विकण्यापेक्षा नव्या संचाकडून सगळा अल्बम पहिल्यापासून वाजवून घ्यायचा. चौदाच्या चौदा गाणी. तो आला मार्च २००६मध्ये.

आता ऐकण्याकडे वळू. पण त्याआधी एक अट. दोन्ही आवृत्त्या एकाच आवाजपातळीवर ऐकल्याशिवाय कुठलंही मत देऊ नका. दोन हजारच्या दशकात ध्वनिमुद्रणं एकूणच अधिकाधिक मोठ्या पातळीवर दाबून काढली जात होती, आणि माणसाच्या कानाची खोड अशी की दोन सारख्या गोष्टींतली एक डेसिबल-दीड डेसिबलनं मोठी असली की तो तिला ‘मोठी’ म्हणत नाही, ‘चांगली’ म्हणतो. मी स्टुडिओत हे अनेकदा केलंय. एकच मिक्स, एक अक्षरही न बदललेलं, ‘पर्याय एक’ आणि ‘पर्याय दोन’ म्हणून ऐकवायचं आणि दुसरं किंचित वर ठेवायचं. समोरची मंडळी दुसरं निवडतात, वर कारणंही देतात: यात बेस भरलेला आहे, यात शब्द नीट कळतात. (हे त्यांना नंतर सांगायचं की नाही हा बिल निघालंय की नाही यावर अवलंबून असतं.) तेव्हा अॅपमध्ये आवाज समान करण्याची सोय असेल तर ती चालू करा, नसेल तर गायकाचा आवाज दोन्हींत सारखा येईल इतपत हातानं जुळवा. नव्या आवृत्तीला ‘दमदार’ म्हणणाऱ्यांपैकी काहींचं मत इथंच पातळ होतं.

पातळी जुळवल्यावर पहिलं गाणं लावू नका. थेट ‘रायडिंग द फोर्थ वेव्ह’वर जा. त्यात गाणं नाही, म्हणजे शब्द आणि गायक या दोन्ही गोष्टी वाटेतून बाजूला होतात, आणि हॉर्न सेक्शन, म्हणजे फुंकायच्या वाद्यांचा गट, उघडा पडतो.

जुन्या संचात फुंकणारे तीन: ट्रंपेट, ट्रंबोन, सॅक्सोफोन. स्ट्रीटलाइटमध्ये चार: ट्रंपेट, ट्रंबोन आणि दोन सॅक्सोफोन, त्यातला एक बॅरिटोन, म्हणजे खालच्या सुरांचा. साधा हिशेब म्हणतो की चार मोठे वाटायला हवेत. तुम्हाला तीन मोठे वाटले. तुमचा कान चुकला नाही.

समजा दोन वादक एकच स्वर वाजवतायत. एकाचा लागला ४४० हर्ट्झवर, दुसऱ्याचा ४४३वर. फरक तीनचा, म्हणून सेकंदाला तीन वेळा तो स्वर फुगतो आणि बसतो. तीन वादक असले आणि तिघेही एकमेकांपासून केसभर लांब असले तर अशा तीन जोड्या होतात आणि तीन वेगवेगळ्या गतीच्या लाटा एकमेकींत मिसळतात. कानाला ती चूक म्हणून ऐकू येत नाही, निदान एका मर्यादेपर्यंत तरी नाही. कानाला वाटतं की इथं बरीच माणसं आहेत. याउलट चौघे अचूक एका जागी आले की त्यांचे स्वर एकमेकांत विरघळतात आणि एकच मोठं, गुळगुळीत वाद्य तयार होतं. मोठं खरं, पण एक.

हे मला स्टुडिओत नव्हे, वरातीत कळलं. आमच्या बँडचे मास्तर सूर लावून घ्यायचे, पण पार घासून घ्यायचे नाहीत. त्यांचा अनुभव असा होता की सगळे अगदी एकात गेले तर वाजवणाऱ्यांना सुख होतं, आणि गल्लीच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला एकच जण वाजवतोय असं वाटतं. मी तेव्हा ही त्यांच्या आळसाची सबब समजायचो. पुढे लहरींचं गणित वाचलं आणि मनातल्या मनात कान पकडले.

जुन्या आवृत्तीत माझ्या कानाला हे जागोजागी ऐकू येतं. ट्रंपेट जरा वर, ट्रंबोन जरा खाली. कारणं कुणाही वादकाला ठाऊक असतात. फुंकायच्या वाद्यातली हवा तापली की सूर चढतो; हवेच्या एका अंशाला साधारण तीन सेंट, म्हणजे स्वरांमधल्या अर्ध्या पावलाच्या शंभर भागांतले तीन. थंड वाद्य उचलून लगेच वाजवलंत आणि ते दहा अंशांनी तापलं तर जवळजवळ एक तृतीयांश अर्धस्वर इकडचा तिकडे होतो. शिवाय तिन्ही वाद्यं सारख्या वेगानं तापत नाहीत. मुरलेले वादक हे ओठांनी सावरून घेतात. सतरा-अठरा वर्षांची मुलं सावरत नाहीत, ती वाजवत सुटतात.

दुसरी गोष्ट वेळेची. समजा गाण्याची गती मिनिटाला १८० ठोके आहे. एक ठोका झाला सेकंदाचा तिसरा हिस्सा, आणि त्याचा निम्मा, म्हणजे ज्यावर स्काची गिटार पडते तो ‘आणि’, साधारण १६७ मिलिसेकंदांवर. दोन वाद्यांच्या सुरुवातीत वीस-तीस मिलिसेकंदांचं अंतर पडलं की कानाला फटीची जाणीव होऊ लागते. ट्रंपेटला तीन कळा असतात, बोट दाबलं की स्वर बदलला. ट्रंबोनला कळा नाहीत, नळी सरकवावी लागते, आणि पहिल्या जागेपासून सातव्या जागेपर्यंत हात जवळजवळ पूर्ण लांब जातो. तरी गाणं रचणारे लोक ट्रंपेटला शोभणारी धावपळ सरळ आमच्याही पानावर उतरवतात. मग ट्रंबोन एखाद्या स्वराला किंचित मागून पोचतो. ‘कीझबी नाइट्स’च्या जुन्या आवृत्तीत काही वेगवान जागी मला ते मागून पोचणं ऐकू येतं, आणि खरं सांगायचं तर तिथं माझं प्रेम जडलंय. तो मी आहे, धापा टाकत, वीस वर्षांपूर्वीचा.

नव्या आवृत्तीत ही फट बुजलेली आहे. चौघांचे स्वर एकत्र सुरू होतात, एकत्र थांबतात. आणि थांबणं हे सुरुवातीपेक्षा अवघड असतं, हे कुठल्याही हॉर्न सेक्शनला विचारा. जुन्यात स्वर जिथं सुटतात तिथं शेपट्या उरतात, एकाचा श्वास आधी संपतो, दुसऱ्याचा नंतर. नव्यात कात्रीनं कापल्यासारखा शेवट. ‘निर्जीव’ म्हणणारे लोक बहुतेक या कापलेल्या शेवटांबद्दल बोलत असतात, फक्त त्यांना ते नाव देता येत नाही.

पण नव्याच्या बाजूनं एक मोठी गोष्ट आहे आणि जुन्याचे भक्त तिच्याकडे सोयीस्कर दुर्लक्ष करतात. बॅरिटोन सॅक्सोफोन. तीन वाद्यांत तुम्हाला जेमतेम साधी त्रिस्वरी मांडता येते, एक स्वर प्रत्येकाला. चौथा आला की सातवा स्वर घालता येतो, किंवा मूळ स्वर खाली दुहेरी करता येतो, किंवा वरच्या तिघांना मोकळं सोडून खालून एक स्वतंत्र चाल देता येते. कल्नोकीला अशा आडव्या-तिडव्या चाली सुचतात, हे ‘एव्हरिथिंग गोज नम्ब’ ऐकणाऱ्याला सांगायला नको. १९९८मध्ये त्याच्याकडे ते सगळं मांडायला पुरेशी माणसं आणि पुरेसा हात नव्हता. २००६मध्ये होता. जुन्या सुरावटींच्या खाली आणि मध्ये जे नवे धागे विणले आहेत ते शोभेसाठी नाहीत. काही ठिकाणी आधीच्या चालीला आता कुठं अर्थ आला असं वाटतं. ‘रायडिंग द फोर्थ वेव्ह’ मी निर्विवादपणे नव्याला देतो. तिथं जुनी आवृत्ती मला आराखड्यासारखी वाटते.

मिक्स करणाऱ्याला या बॅरिटोनची किंमत मोजावी लागते, तेही सांगतो. त्याचा तळ ६५ हर्ट्झच्या आसपास. बेस गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झ, साध्या गिटारची ८२. म्हणजे हे धूड बरोबर त्या दोघांच्या मधल्या बोळात येऊन उभं राहतं, आणि ध्रुवपदात फाटलेली गिटार सुरू झाली की बोळात चेंगराचेंगरी. मग प्रत्येकाचा थोडा थोडा भाग कापावा लागतो. कापाकापी केली की सगळं नीट ऐकू येतं आणि काहीच अंगावर येत नाही. जुन्या ध्वनिमुद्रणात बोळ मोकळा होता, ट्रंबोन हाच हॉर्न सेक्शनचा तळ होता, आणि गिटार जिथं हवी तिथं पसरलेली होती. ‘मोठी’ वाटण्याचं हे दुसरं कारण. मी नव्याचं मिक्स करायला बसलो असतो तर ध्रुवपदांत बॅरिटोन निम्म्या वेळा गप्प ठेवला असता. बॅरिटोनवाल्यानं मला मारलं असतं.

गायकाच्या आवाजाचं प्रकरण मात्र गणितात बसत नाही.

या अल्बममधली कितीतरी गाणी अशी आहेत जी त्या वयातच लिहिली जातात. ‘क्रिस्टिना शी डोन्ट नो आय एक्झिस्ट’: नावातच सगळं आलं, तिला मी अस्तित्वात आहे हेही ठाऊक नाही. शीर्षकगीतात बंदूक आहे, पाठीवर येणारे लोक आहेत, शेवटपर्यंत लढायची भाषा आहे. पोरगा ते गातो तेव्हा त्यातला आव ऐकू येतो, आणि आव हाच गाण्याचा विषय होऊन बसतो. पंचविशीच्या आसपासचा माणूस तेच शब्द अधिक भारदस्त, घोगऱ्या आवाजात गातो तेव्हा आव उरत नाही. मग ते शब्द खरे मानावे लागतात, आणि खरे मानले की थोडे पोकळ वाटतात. ‘क्रिस्टिना’ नव्या आवृत्तीत तर मला चक्क अवघडल्यासारखं होतं. दाढीवाला माणूस कॉलेजच्या कट्ट्यावर परत येऊन बसलाय.

उलट ‘अॅज द फूटस्टेप्स डाय आउट फॉरएव्हर’ घ्या. आईच्या दुर्धर आजाराचं, तिला उरलेल्या थोड्या दिवसांचं गाणं. ते मी दोन्हींत वारंवार ऐकलंय आणि माझं मत दर वर्षी बदलतं. जुन्यात गाणाऱ्याला मृत्यू नीट कळलेला नाही आणि त्यामुळे गाणं उतावीळ धावतं, जणू वेगानं गायलं तर बातमी मागे पडेल. नव्यात कळलंय. माझी आई गेली त्या वर्षी मी फक्त नवी आवृत्ती ऐकत होतो. गेल्या वर्षीपासून पुन्हा जुनी लावतोय. यात ध्वनिमुद्रणाचा दोष नाही आणि गुणही नाही.

‘जे आधी ऐकलं तेच आवडतं’ असं म्हणून हा वाद निकालात काढणारे बरेच भेटतील. त्यात तथ्य आहे. रॉबर्ट झायोन्क या मानसशास्त्रज्ञानं १९६८मध्येच दाखवलं होतं की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी आपण तिच्याकडे झुकतो. पण त्यानं सगळं उलगडत नाही. मी स्वतः नवी आवृत्ती आधी ऐकली, २००७मध्ये, होस्टेलवर कुणाच्या तरी हार्ड डिस्कमधून. कॅच २२ हे नावही माहीत नव्हतं. जुनी हाती लागली तेव्हा पहिल्या दोन मिनिटांत बंद केली, कारण ट्रंबोन बेसूर वाटला. सात-आठ वर्षं मी नव्याचाच होतो. बदललो ते तीन पोरांना हॉर्न सेक्शन शिकवायला बसलो तेव्हा. त्यांना नवी आवृत्ती ऐकवली तर गप्प बसली, जुनी ऐकवली तर वाद्यं उचलली. पहिलीनं त्यांना घाबरवलं होतं, दुसरी त्यांना आवाक्यातली वाटली.

‘खरा पंक कच्चाच असतो’ या युक्तिवादाबद्दल मला फार काही म्हणायचं नाही. हॉर्न सेक्शन बाळगणाऱ्या, पानावर सुरावटी लिहिणाऱ्या बँडकडून कच्चेपणाची शपथ मागणं मला गमतीचं वाटतं.

आता जे मतभेद आवाजाबद्दल वाटतात पण आवाजाबद्दल नसतात, त्यांच्याकडे. २००६च्या नाराजीत एक मोठा वाटा निव्वळ वाट पाहण्याचा होता. ‘एव्हरिथिंग गोज नम्ब’ २००३चा. लोक नव्या गाण्यांसाठी थांबले होते आणि तीन वर्षांनी हातात पडली आठ वर्षांपूर्वीची गाणी. नवी गाणी आली ती नोव्हेंबर २००७मध्ये, ‘समव्हेअर इन द बिट्वीन’मधून. त्या मधल्या काळात बनलेलं मत पुढे तसंच गोठलं. आज दोन्ही अल्बम एका यादीत खालीवर दिसतात, त्यामुळे आजच्या ऐकणाऱ्याला ही नाराजी समजतच नाही, आणि जुने लोक ती ध्वनिमुद्रणाच्या माथी मारतात.

दुसरा वाटा हक्काचा, म्हणजे कायद्यातल्या नव्हे, मनातल्या हक्काचा. अल्बम कुणाचा? गाणी लिहिणाऱ्याचा की तेव्हा खोलीत हजर असलेल्या सगळ्यांचा? कॅच २२चे चाहते म्हणतात की नव्या आवृत्तीनं मूळ वादकांना पुसून टाकलं. आणि योगायोग बघा, त्याच वर्षी, त्याच कंपनीकडून कॅच २२चा ‘पर्मनंट रेव्होल्यूशन’ आला, ट्रॉट्स्की या रशियन क्रांतिकारकाच्या आयुष्यावरचा अख्खा अल्बम. म्हणजे एका दुकानात एकीकडे बँडचं नवं काम आणि शेजारी त्याच बँडचं जुनं काम दुसऱ्या नावानं. तट पडणार नाहीत तर काय होईल. मी वादक म्हणून या तक्रारीला वजन देतो. कागदावर सुरावट कुणीही लिहो, त्या दिवशी ती कशी फुटली, कुठं मागे पडली, हे वाजवणाऱ्याचं असतं. पण ‘पुसलं’ हे खरं नाही, जुनी आवृत्ती आजही एका बोटावर मिळते.

कल्नोकीच्या बाजूनं पाहिलं तर त्याला हा वाद विचित्र वाटत असावा, कारण त्याची ती जुनीच सवय. ‘डिअर सर्जिओ’ हे अल्बमचं पहिलं गाणं त्यानं २००१मध्येही एकदा नव्यानं केलं होतं, बँडिट्स ऑफ द अकूस्टिक रेव्होल्यूशन या संचाबरोबर, तंतुवाद्यं घालून. म्हणजे त्या गाण्याच्या तीन आवृत्त्या झाल्या. पुढे टोह के या नावानं एकटा गिटार घेऊन बसला तेव्हा स्ट्रीटलाइटची गाणी पुन्हा उलगडली. त्याच्या लेखी गाणं म्हणजे बंदिश, प्रत्येक मैफलीत निराळी मांडायची. ऐकणाऱ्याच्या लेखी गाणं म्हणजे ते एक ध्वनिमुद्रण, त्यातल्या श्वासांसकट. आपल्याकडे एखाद्या गायकानं स्वतःचंच जुनं भावगीत उतारवयात पुन्हा रेकॉर्ड केलं की घरोघरी जे तोंड वाकडं होतं, तेच हे. पण बंदिशीची उपमा मी फार ताणणार नाही. मैफलीत गायक त्या क्षणाला काहीतरी नवं करतो. २००६च्या अल्बममध्ये तसं मोकळेपण नाही, तिथं क्रमसुद्धा हललेला नाही. गाणी मोडून नव्यानं बांधली असती, २००१च्या ‘डिअर सर्जिओ’सारखी, तर तुलनाच झाली नसती आणि भांडणही नाही. इतकं जवळ जाऊन थोडंसंच बदलणं, हे माझ्या मते या प्रकल्पाचं खरं दुखणं. हुबेहूब नाही आणि वेगळंही नाही, त्यामुळे प्रत्येक बदल चुकीसारखा ऐकू येतो. पाठ असलेल्या आरतीत कुणी एक शब्द बदलून म्हटला की कान जसा अडखळतो.

तर तुमच्यासाठी. पहिल्यांदा जुनी ऐका, सलग, मध्ये न थांबता, बरी हेडफोन नसली तरी चालेल. किंबहुना नसलेलीच बरी, ती आवृत्ती खोलीत मोठ्यानं लावण्याची आहे. ट्रंबोन बेसूर वाटला तर माझ्यासारखं दोन मिनिटांत बंद करू नका. चार दिवसांनी नवी लावा, या वेळी हेडफोन घालून, आणि गायकाकडे लक्ष न देता फक्त खालच्या सॅक्सोफोनच्या मागे जा. त्यानंतर दोन्हींचं ‘रायडिंग द फोर्थ वेव्ह’ पाठोपाठ, पातळी जुळवून. अल्बम म्हणून मला विचाराल तर जुना. ऐकून शिकण्यासाठी, सुरावटी कशा रचतात हे समजण्यासाठी, नवा. विद्यार्थ्यांना स्वरलेखन करायला मी तोच देतो, कारण त्यात प्रत्येक आवाज वेगळा काढता येतो. जुन्यातून काढायला गेलं की तिघांची तीन मतं होतात, एका स्वराबद्दलसुद्धा.

आमचा एक छोटा संच आहे, महिन्यातून दोनदा जमतो, त्यात आम्ही यातली चार गाणी वाजवतो. मांडणी १९९८ची. हे मी इतकं सगळं लिहिल्यावर तुम्हाला तत्त्वाचा प्रश्न वाटेल, पण आमच्याकडे बॅरिटोन सॅक्सोफोनवाला नाही. एक जण आहे ओळखीचा, त्याचं वाद्य दोन वर्षं दुरुस्तीला पडलंय. ते सुटून आलं की ‘फोर्थ वेव्ह’ची नवी पानं काढायची आहेत, आणि माझ्या ट्रंबोनच्या दोन ओळी त्याला द्याव्या लागणार आहेत, हे मी अजून त्याला सांगितलेलं नाही.